लंडनचा कोल्हा किती धोक्याचा?

आपल्या बेटावर कोल्हा नाही. पूर्वज कोकणातून आले तेव्हा बरोबर कोल्ह्याच्या गोष्टी आल्या, कोल्हा तिकडेच राहिला. पण ज्यांची मुले लंडनला स्थायिक झाली आहेत, त्यांच्याकडे हा विषय निघतोच. रात्री घरामागच्या बागेत कोल्हा येतो. नातवंडांना त्याच्यापासून भय आहे काय?

प्रथम नावाचा घोळ दूर करू. मराठीत कोल्हा म्हणजे कोल्हेकुई करणारा, इंग्रजांचा 'जॅकल'. लंडनचा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी म्हणजे 'फॉक्स'. त्याच्या भारतातल्या भाईबंदाला महाराष्ट्रात खोकड म्हणतात. इसापाच्या गोष्टीत द्राक्षांना आंबट म्हणणारा हाच, पण मराठीत त्याचाही कोल्हा झाला. आम्हीही येथे तोच शब्द वापरतो.

हा प्राणी 1930 च्या सुमारास, लंडनभोवती बागांची नवी घरे उभी राहिली तेव्हापासून शहरात वसला. वजन पाच ते सात किलो, म्हणजे मोठ्या मांजराहून थोडे अधिक. खाणे उंदीर, किडे आणि माणसाने टाकलेले उष्टे. जानेवारीत मादी अशी किंचाळते की नव्या पाहुण्याला कोणाचा तरी खून होतो आहे असे वाटावे! पण ते केवळ विणीच्या दिवसांचे ओरडणे आहे.

मग भीती निराधार आहे काय? अगदी तसे नाही. जून 2010 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात झोपलेल्या नऊ महिन्यांच्या जुळ्या मुलींना कोल्ह्याने घरात शिरून चावे घेतले. फेब्रुवारी 2013 मध्ये ब्रॉम्ली येथे चार आठवड्यांच्या बाळाचे बोट तोडले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले. तिन्ही बालके वाचली. अशा घटना फार क्वचित घडतात म्हणूनच त्या जगभर गाजल्या. कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हल्ल्यात माणसे मेल्यावरच ब्रिटिश सरकारला 2023 अखेर एक्सएल बुली या जातीवर बंदी आणावी लागली.

आमच्या मते खरा दोष कोल्ह्याला हाताने खाऊ घालणाऱ्यांचा आहे. माणसाची भीड चेपली की तो उघड्या दारातून आत येतो. तेव्हा तान्हे मूल असलेल्या घराने रात्री बागेकडचे दार लावावे, कचऱ्याच्या डब्याला झाकण ठेवावे, आणि बागेत खेळून आलेल्या मुलांचे हात धुवावेत, कारण कोल्ह्याच्या विष्ठेतून जंत होऊ शकतात.

सर्वांत मोठे भय रेबीजचे. ब्रिटनमधून प्राण्यांतला हा रोग 1922 सालीच गेला. युरोपात मात्र कोल्हाच त्याचा मुख्य वाहक होता. 1978 साली स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली, आणि पुढे याच मार्गाने फ्रान्सदेखील 2001 मध्ये मुक्त झाला. गोळी घालून जे साधले नाही ते कोंबडीच्या मुंडक्याने साधले.

पण लंडनचा हा दिलासा कोणी भारतात नेऊ नये. आपली माणसे गावदेवाला, लग्नाला महाराष्ट्रात जातात आणि मॉरिशस रेबीजमुक्त असल्यामुळे तेथेही निर्धास्त वागतात. 2024 साली खुद्द मुंबईत, चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यात रेबीज आढळला. शिवाय माणसाला हा रोग बहुतेक वेळा कुत्र्यापासूनच होतो. लक्षणे दिसू लागली की वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून तेथे कोल्हा, कुत्रा, कोणीही चावला किंवा नुसते ओरबाडले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी, आणि विमानाची तारीख जवळ असेल तर पुढची इंजेक्शने मॉरिशसला येऊन कोठे घ्यायची, हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.