कंपनीचा नसलेला पंचा

आमचे मेहुणे सध्या सासऱ्यांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी ‘ओरिजिनल’ करीत आहेत. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, अगदी तश्शी! तिकडे अमेरिकेत म्हणे जुन्या मस्टँगवर कामगारांनी ओढलेल्या खडूच्या रेघासुद्धा लोक पुन्हा ओढतात. ते खूळ आता नाशकात आलंय.

माझा त्याला सक्त विरोध आहे. अहो, कारखान्यातून आली तशी गाडी ठेवली होती कोणी? वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली पद्मिनी आधी देवळात जायची आणि तिथून थेट गॅरेजात. कुर्ल्याचं उरलेलं काम तिथे व्हायचं! कसारा घाटात ते 1089 सीसीचं इंजिन तापलं, की पेट्रोलची वाटेतच वाफ. मग सासरे बॉनेट उघडून आतल्या पेट्रोलच्या पंपाला ओला पंचा गुंडाळायचे.

“पंचा कुठाय?” मी विचारलं.

“भावोजी, पंचा कंपनीचा नव्हता.”

नव्हता ना! पण त्याच्यावाचून गाडी इगतपुरी बघत नव्हती, त्याचं काय?

डॅशबोर्डवर सप्तशृंगीच्या तसबिरीसाठी सासऱ्यांनी स्वतः दोन भोकं पाडली होती, तीही जरा तिरकीच. परवा ती बुजवून वर रंग मारला. सासूबाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत गेल्या.

मेहुणे आता चाकांच्या मूळच्या वाट्या शोधायला मुंबईला निघालेत. पद्मिनीच्या टॅक्स्या तिथूनही 2023 मध्ये गेल्या, पण आशा दांडगी. त्यासाठी माझी गाडी मागायला आले होते.

“घाटात पद्मिनीचा भरवसा नाही हो, भावोजी!”