गाडी जुनी, म्हणून चाक जड?

आमच्या शेजारच्या काकांकडे एक कॉन्टेसा आहे. गडद निळी, ऐसपैस, आणि नाक एवढे लांब की फाटकातून वळताना वॉचमनला आधी गाडी दिसते आणि बऱ्याच वेळाने चालवणारा. खरे तर चालवणारी. काकांना गाडी पुसण्याची हौस, काकूंना चालवण्याची. मुले लहान असताना पुण्याहून साताऱ्याला, म्हणजे माहेरी, त्या सगळे बिऱ्हाड घेऊन खंबाटकीचा घाट चढून जात, आणि काका शेजारी बसून नकाशा उलटा धरत.

काही वर्षांपूर्वी त्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगमधून तेल गळू लागले. त्यात गाडीला दोष देण्यासारखे काही नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या रबराने तेल धरून ठेवावे ही अपेक्षाच चूक. कॉन्टेसा १९८४ साली आली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. सुटे भाग शोधणे हा तेव्हापासून एक स्वतंत्र उद्योग झालेला आहे. गॅरेजवाल्याने आठवडाभर शोध घेतला आणि मग सोपा मार्ग काढला. पंपाचा पट्टा उतरवला, उरलेसुरले तेल काढून टाकले आणि म्हणाला, "घ्या, आता मॅन्युअल झाली."

त्यानंतर महिन्याभरात काकूंनी गाडी चालवणे सोडले. कोणी भांडले नाही, कोणी मनाई केली नाही. फाटकातून गाडी काढताना एकदा खांदा भरून आला, दुसऱ्यांदा मनगट लचकले, आणि तिसऱ्या वेळी किल्ली खुंटीवरच राहिली. काका म्हणाले, "जुनी गाडी, जड असायचीच." मुलगा म्हणाला, "आईचंही आता वय झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. या लेखाचे भांडण आहे ते त्या माना डोलावण्याशी.

कारण जुनी गाडी म्हणजे जड चाक, हे समीकरणच खोटे आहे. पॉवर स्टिअरिंग ही तशी अलीकडची चैन. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६ च्या सुमारास ते एका पिअर्स-ॲरो मोटारीवर बसवून दाखवले, आणि सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशा गाडीत ते आले ते १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्याआधी माणसे मोटारी चालवतच होती. बायकाही चालवत होत्या. आपल्याकडे तर पुढेही कितीतरी वर्षे ॲम्बॅसॅडर आणि फियाट साध्या हाताच्या जोरावरच वळत होत्या. आणि एसटी? १९४८ साली सुरू झालेल्या एसटीच्या कित्येक पिढ्यांच्या चालकांनी लग्नातल्या परातीएवढे ते चाक, सीटवरून अर्धवट उठत, घाटाघाटांतून फिरवले. ती माणसे काही पैलवान नव्हती. माणसाच्या दंडात किती बळ असते याचा हिशेब करूनच ते यंत्र आखलेले होते, इतकेच.

हा हिशेब पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत निराळा असतो, आणि आमच्या गॅरेजवाल्याची चूक झाली ती इथे. तेलाचा दाब मदतीला आहे म्हटल्यावर गाडी आखणारा हात सैल सोडतो. १९६५ च्या फोर्ड मस्टँगचेच पाहा. साध्या स्टिअरिंगच्या गाडीत पेटीचे प्रमाण सुमारे १९ ला १, पॉवरच्या गाडीत १६ ला १. म्हणजे पॉवरच्या गाडीत चाकाचे वेढे कमी घ्यावे लागतात, पण मदत काढून घेतली की त्याच वळणाला जवळजवळ पाचवा हिस्सा जोर जास्त लागतो. त्यात भर म्हणजे आतला दट्ट्या तसाच राहतो. तेल पूर्ण काढले तर त्याची रबरे कोरडी घासतात. थोडे ठेवले तर प्रत्येक वळणाला ते तेल अरुंद वाटांतून या बाजूचे त्या बाजूला ढकलावे लागते, आणि चाक जितक्या झटकन फिरवाल तितके ते जास्त अडते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने अर्धवट दाबून पाहा, म्हणजे कळेल. मॅन्युअल स्टिअरिंग म्हणजे पॉवर स्टिअरिंगमधून पॉवर वजा करून उरते ते नव्हे. ते एक वेगळे यंत्र आहे, आणि गाडी मॅन्युअल करायची तर ते वेगळे यंत्रच बसवायला हवे.

काकांना हे पटायला दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी काही न बोलता गाडीचा पुढचा भाग उचलला, खाली भक्कम स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही हे करू नये), आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. या परीक्षेला पैसा लागत नाही, आणि जड स्टिअरिंगची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीची ती आधी व्हायला हवी. चाके हवेत असतानाही स्टिअरिंग जड लागले तर दोष आतल्या घर्षणात आहे. हवेत हलके आणि जमिनीवर जड, तर टायर आणि चाकांचे कोन तपासायचे. आमची गाडी हवेतही जड होती. मग त्यांनी दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे सोडवून प्रत्येक चाक हाताने वळवून पाहिले. डावीकडचे करकरत होते. बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटून आत पाणी आणि माती गेली होती, आणि ग्रीसची तर जणू पावडर झाली होती. म्हणजे हा आजार पॉवर स्टिअरिंग असतानाच जडलेला होता. पंपाच्या जोराखाली तो झाकला गेला, एवढेच.

जमिनीवरच्या जडपणाची कारणे आम्हीच विकत आणलेली निघाली. मुलाने हौसेने रुंद टायर घातले होते, आणि तेही बाहेर आलेल्या रिमवर. चाक ज्या बिंदूभोवती वळते त्या बिंदूपासून टायरचा जमिनीवरचा ठसा जितका बाहेर सरकतो, तितका तो उभ्या गाडीत रस्त्यावर फरफटत फिरवावा लागतो. शिवाय मूळचे मोठे चाक काढून छोटेखानी 'स्पोर्ट' चाक बसवले होते. ३८ सेंटिमीटरच्या जागी ३३ चे चाक आले की हाताला सुमारे पंधरा टक्के जोर जास्त लावावा लागतो. हे शाळेच्या विज्ञानातले तरफेचे गणित आहे. पण दुकानात कातडी मूठ पाहिली की ते कोणाला आठवत नाही. टायरमधली हवाही कमी होती. कंपनीच्या आकड्याहून दोन-तीन पौंड जास्त, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत, एवढी हवा ठेवली तरी उभ्या गाडीत फरक जाणवतो. त्याहून जास्त भरू नये. ओल्या रस्त्यावर पकड जाते.

एक गोष्ट मात्र सांभाळून करायची. पुढचे चाक ज्या अक्षावर वळते तो अक्ष बाजूने पाहिल्यास किंचित मागे कललेला असतो. त्याला कास्टर म्हणतात. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ येते आणि हमरस्त्यावर गाडी नाकासमोर चालते, त्यात या कलाचा मोठा वाटा असतो. पण कल जास्त तितके चाक वळवायला जड. म्हणूनच साठच्या दशकातल्या अमेरिकी दुरुस्ती-पुस्तकांत एकाच गाडीला साध्या आणि पॉवर स्टिअरिंगसाठी कास्टरचे वेगवेगळे आकडे दिलेले आढळतात. ज्या गाडीत तो बदलता येतो तिथे थोडा कमी करावा. पण हलकेपणाच्या लोभाने फार उतरवला, तर हमरस्त्यावर गाडी भरकटते आणि चाक परत येईनासे होते. फाटकातली सोय की वेगातला स्थिरपणा, असा प्रश्न आला तर मी दुसऱ्याच्या बाजूने मत देईन. फाटकासाठी फुकटचा उपाय आहेच: गाडी अगदी इंचभर सरकू लागली की मगच चाक फिरवायचे.

आता हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला. छोट्या मोटारींतले विजेचे स्टिअरिंग काढून जुन्या गाडीला बसवा, म्हणे. यंत्र उत्तम आहे यात वाद नाही. जपानमध्ये सुझुकीने १९८८ सालीच ते छोट्या सर्व्होमध्ये बसवले होते. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी जरूर विचार करावा. पण त्यासाठी स्टिअरिंगचा दांडा कापून जोडावा लागतो, आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने जोडलेल्या दांड्यावर कुटुंबाचा जीव सोपवायची माझी तयारी नाही. शिवाय आमच्या गाडीला ते आधीच बसवले असते, तर तो सुकलेला बॉल जॉइंट पुन्हा नव्या जोराखाली झाकला गेला असता. हा जॉइंट निखळला की चाकच हाताबाहेर जाते. जडपणा ही त्याने दिलेली हाक होती, आणि आम्ही तिला वय समजत बसलो.

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सुरुवातीच्या कॉन्टेसाचे साधे स्टिअरिंग मिळाले. ते उघडून, नवे ग्रीस भरून बसवले. दोन्हीकडचे बॉल जॉइंट बदलले, मूळ मापाचे टायर आले, माळ्यावरचे मोठे चाक खाली उतरले. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट शेवटी, हे सगळे झाल्यावर. गाडी लोण्यासारखी वळते असे मी म्हणणार नाही. उभ्या गाडीत अजूनही दोन हात लागतात, आणि वेढे वाढले आहेत. पहिल्या दिवशी काकूंना त्याचा अंदाज आला नाही. जुन्या सवयीने चाक कमी फिरले आणि फाटकाचा खांब थोडक्यात वाचला. वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला.

मागच्या रविवारी दोघे साताऱ्याला जाऊन आले. तिथल्या एका बोळात मागे घेताना काकांनी खाली उतरून हात हलवायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनी काच खाली करून त्यांना आत बसायला सांगितले.