विश्लेषण : ‘बिग बॉस’ आणि मालिकांच्या गप्पा... बायकांचा हा वेळ खरेच वाया जातो का?

‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व २८ जुलै २०२४ रोजी सुरू झाले. भंडारा जिल्ह्यात ते दिवस धानाच्या रोवणीचे. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची, रात्री स्वयंपाक आटोपल्यावर टीव्ही किंवा मोबाइलवर भाग पाहायचा आणि मग ‘आज कोण चुकलं’ यावर मैत्रिणींशी बोलायचे. ‘रिकामटेकड्या गप्पा’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या बोलण्याला महत्त्व का आहे?

या गप्पा नव्या आहेत का?

नाहीत. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. दुसऱ्या दिवशी नाटकातल्या सासू-सुनेची चर्चा विहिरीवर आणि बांधावर होत आली आहे. आता तीच चर्चा व्हॉट्सॲपवर होते. माहेरच्या बहिणी, बचत गटातल्या सोबतिणी, लग्न होऊन साकोली-तुमसरला गेलेल्या मैत्रिणी त्यामुळे रोज भेटू लागल्या.

विषय मालिकाच का?

स्वतःच्या घरातली कुरबुर चारचौघींत सांगता येत नाही. मालिकेतल्या सुनेची मात्र बिनधास्त सांगता येते. ‘तिनं असं ऐकून घ्यायला नको होतं’ हे वाक्य पात्राबद्दल असते, पण मत स्वतःचे असते. खेडेगावातून आलेला सूरज चव्हाण ६ ऑक्टोबर २०२४ रोजी विजेता ठरला. तो योग्य होता की नाही, या वादात गरिबी, शिक्षण, बोलीभाषा असे सगळेच विषय निघाले.

गप्पांचा व्यवहारात उपयोग काय?

त्याच जुलै-ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरले जात होते. महिन्याला १५०० रुपयांच्या या योजनेत कोणता कागद लागतो, आधार बँक खात्याला जोडले आहे का, असे प्रश्न होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा ओटीपीचा गोंधळ झाला. असे प्रश्न कार्यालयात विचारायला संकोच वाटतो, मैत्रिणीला विचारायला नाही. मालिकेच्या निमित्ताने बोलणे रोज सुरू असते, म्हणूनच अडचणीच्या दिवशी विचारायला कोणीतरी असते. व्हॉइस मेसेज, फोटो पाठवण्याची सवयही गप्पांतूनच होते.

अडथळा कुठे आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशाच्या ग्रामीण भागात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या महिला २४.६ टक्के होत्या, तर पुरुष ४८.७ टक्के. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथे तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती असतो. मग गप्पा आणि माहिती, दोन्ही बंद. वेळेचाही प्रश्न आहे. २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत असल्याचे, तर पुरुष ८८ मिनिटे देत असल्याचे दिसले. ‘बायकांना काय, गप्पाच मारायच्या’ असे म्हणताना हा हिशेब विसरला जातो.

धोका कोणता?

विश्वासाच्या वाटेने खोटेही वेगाने पसरते. ई-केवायसीच्या नावाने बनावट संकेतस्थळे फिरल्याचे समोर आले होते. लिंक मैत्रिणीकडून आली म्हणून ती खरी ठरत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, ते पाहावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा.

पुढे काय?

योजना पोहोचवण्यासाठी दर वेळी नवे जाळे विणावे लागत नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि बचत गटांच्या महिला या गप्पांमध्ये आधीपासूनच असतात. खरी माहिती त्यांच्या हाती वेळेत, सोप्या मराठीत पडली, तर ती मालिकेच्या चर्चेसोबत घरोघरी जाईल. त्यासाठी आधी घरातला मोबाइल तिच्या हाती यायला हवा.