‘कायमचा’ या शब्दाची किंमत

ज्यांच्या जुन्या दप्तरांत सनदा आहेत, त्या वाचकांना एका शब्दाने काय होते हे मी सांगावयास नको. अमेरिकेत एका खेळाच्या सनदेवरून असाच प्रसंग आला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे चारपाच जणांनी एकेक पात्र घेऊन, फासे टाकीत कथा रचीत जाण्याचा बैठा खेळ. मालक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने २००० साली त्याच्या नियमांचा मोठा भाग सर्वांना विनामूल्य वापरू देणारा परवाना काढला. त्या भरवशावर कित्येकांनी पुस्तके छापली, संसार उभे केले. ‘पाथफाइंडर’ हा प्रतिस्पर्धी खेळही त्यातूनच २००९ साली निघाला.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नाचा चौथ्या हिश्शापर्यंत वाटा द्यावा, असे त्यात होते. जुन्या लेखात ‘कायमचा’ हा शब्द होता. ‘परत न घेता येणारा’ हे शब्द नव्हते! परवान्याचे एक जनक रायन डॅन्सी यांनी तसा हेतूच नव्हता असे सांगितले. पण हेतू कोर्टात दाखल कसा करावयाचा?

खेळाडूंनी वर्गण्या बंद केल्या, तेव्हा २७ जानेवारीस कंपनी नमली. मूळ नियम तिने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली दिले. त्यात ते राहिलेले शब्द आहेत. ‘पाथफाइंडर’वाले मात्र परतले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी निराळा परवाना केला आणि आपली मुख्य पुस्तके नव्याने लिहून काढण्यास घेतली. मला त्यांचे नवल वाटले नाही.