निगेटिव्हला नाव हवं

मे महिन्यातल्या दुपारी गाझियाबादमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. घरी रंगीत रोल धुणाऱ्याला मात्र तेच पाणी उपयोगी पडतं. रंगीत निगेटिव्हच्या सी-41 प्रक्रियेत डेव्हलपर सुमारे 38 अंश सेल्सिअसला ठेवून फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं बुडवतात. थंड मुलखात त्यासाठी हीटर लागतो. इथे नळ सोडला की बरंचसं काम झालं. कृष्णधवल रोलचं उलट आहे. त्याला साधारण 20 अंश हवेत, म्हणून बर्फ घातलेल्या बादलीत डेव्हलपरची बाटली उभी करायची. शेवटचं खळबळणं बोअरच्या जड पाण्याने केलं तर वाळलेल्या फिल्मवर डाग राहतात. त्यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी. शिवाय धूळ आहेच. न्हाणीघरात आधी गरम पाण्याची वाफ करून ती खाली बसवायची, मगच फिल्म चिमट्याला टांगायची.

एवढा खटाटोप आवडीने करणारी तरुण मंडळी आज पुन्हा दिसतात. रोल हवा असला की गाझियाबादहून रेड लाइन मेट्रोने कश्मीरी गेट, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन चांदनी चौक आणि मग कुचा चौधरीतला कॅमेऱ्यांचा बाजार. कोडॅकने 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फिल्म संपलीच असं अनेकांना वाटलं होतं. ती संपली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण एक सवय काळजीत टाकणारी आहे. रोल लॅबमध्ये द्यायचा, स्कॅन फोनवर मागवायचे आणि निगेटिव्ह तिथेच सोडून द्यायची. अस्सल वस्तू लॅबच्या कचऱ्यात जाते आणि घरी उरते ती एक फाइल. तीही मुकी. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ, लेन्स लिहून ठेवतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची फाइल स्कॅनरवर जन्मते, त्यामुळे तिच्यात स्कॅनरची तारीख येते. आईवडिलांच्या 1985 सालच्या लग्नाचे फोटो फोनमध्ये परवाच्या पाणीपुरीच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात. मांडवात मागे उभी असलेली फेटेवाली व्यक्ती कोण, हे सांगणारं माणूस घरात एकच उरलेलं असतं.

याच भागातल्या एका माणसाने हा प्रश्न काचेवर सोडवला होता. मेरठपलीकडच्या सरधन्यात 1844 साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीला शिकले, नोकरीसाठी होळकरांच्या इंदुरात गेले, तिथे तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने कॅमेऱ्याकडे वळले आणि 1896 मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. त्यांच्या अनेक फोटोंच्या कडेला क्रमांक आणि जागेचं नाव दिसतं. ती अक्षरं निगेटिव्हवरच लिहिलेली असल्यामुळे प्रत्येक प्रतीत आपोआप उमटत. आज त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे, आणि दीनदयाळ 1905 मध्ये गेले तरी कुठला वाडा आणि कुठलं देऊळ हे ती काच अजून सांगते.

हेच काम आज फुकटात होतं. डिजिकॅम, डार्कटेबल आणि एक्झिफटूल ही तीन सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि मुक्तस्रोतही. डार्कटेबलमधलं निगाडॉक्टर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करून देतं. एक्झिफटूलने स्कॅनची तारीख बदलून लग्नाची खरी तारीख घालता येते, तीही अख्ख्या रोलला एका फटक्यात. डिजिकॅममध्ये फोटोखाली देवनागरीत सरळ लिहावं: कोण, कुठे, कशासाठी जमले होते. फक्त माहिती फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, हे सेटिंगमध्ये आधी पाहून घ्यावं.

हा पर्याय का महत्त्वाचा, ते पिकासा या फोटो-सॉफ्टवेअरने दाखवलं. गूगलने 2016 मध्ये ते बंद केलं. लोकांनी फोटोखाली लिहिलेल्या ओळी जेपीईजी फाइलच्या आत होत्या, म्हणून त्या वाचल्या. अल्बमची मांडणी पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत होती, ती इतर सॉफ्टवेअरना कळेना. आणखी एक सापळा रोजच्या वापरातला आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही माहिती गळून जाते. कुटुंबाच्या ग्रुपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

निगेटिव्ह तरीही जपायलाच हवी. स्कॅनर सुधारत जातात. पंधरा वर्षांपूर्वीचा स्कॅन आज पुसट वाटतो, निगेटिव्हमधून मात्र तो पुन्हा काढता येतो. रोल धुवायला देतानाच ती परत हवी असं बजावून सांगावं, आणि लॅबनेही न विचारता ती द्यावी. घरी आणल्यावर माळ्यावर नको. उत्तरेतल्या उन्हाळ्यात माळ्याची भट्टी होते आणि रंगीत फिल्मचे रंग उष्णतेने लवकर उडतात. खालच्या कपाटात, कागदी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलने साल लिहून.

नोकरीनिमित्त गाझियाबादला आलेली मराठी माणसं दिवाळीत गावी जातात. स्टुडिओच्या शिक्क्याची पिवळी पाकिटं तिथल्या ट्रंकेत तळाशी असतात. या खेपेला ती बाहेर काढून निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धराव्यात, आणि आजी एकेक नाव सांगत असेल तेव्हा नातवाने लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसावं.