मोडी वाचता येते, फाईल उघडत नाही

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा पहिले भांडण चौरस फुटांवरून झाले नाही. ते झाले पार्किंगच्या चार जागांवरून. १९९९ च्या सर्वसाधारण सभेत या जागा कोणाला आणि कोणत्या अटीवर दिल्या याचा ठराव झाला होता, हे सगळ्यांना आठवत होते. तो ठराव काय होता, हे मात्र प्रत्येकाला वेगळे आठवत होते. इतिवृत्ताची वही काढावी, तर ती २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात गेली. तळमजल्यावरच्या कार्यालयात छातीभर पाणी होते. दुसऱ्या दिवशी कपाटातून आम्ही कागदाचा लगदा उपसला होता.

"अहो, सीडी आहे की माझ्याकडे!" खजिनदार काका म्हणाले. त्या वर्षांची इतिवृत्ते अहवालासाठी अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतली होती आणि फ्लॉपीवरून पुढे कधीतरी काकांनी ती सीडीवर उतरवली होती. काका चौथ्या मजल्यावर राहतात, त्यामुळे सीडी कोरडी होती. फाईल सापडली, उघडलीसुद्धा. पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरे, टोप्या घातलेले स्वर, चौकोन आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी. त्यात मराठीचे एक अक्षर नव्हते.

त्या क्षणी मला भारत इतिहास संशोधक मंडळाची आठवण झाली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मोडीचे जाणकार अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचे कागद आजही वाचतात. पेशवे दप्तरातल्या लाखो कागदांतला एखादा कागद हाती दिला, तर चार महिने मन लावून मोडी शिकलेला माणूस त्याचा अर्थ लावू शकतो. मग अवघ्या सव्वीस वर्षांपूर्वीचा, याच शहरात, यंत्रावर स्वच्छ टंकलेला ठराव आम्हाला का वाचता येऊ नये?

उत्तर सोपे आहे. मोडी कोणाच्याही मालकीची नाही. तिची वळणे शिकायला आणि शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही. आमची फाईल मात्र एका कुलपात होती आणि त्या कुलपाची किल्ली आमच्याकडे कधीच नव्हती.

किल्ली कोणाकडे?

हे कुलूप कसे तयार झाले, हे सांगण्यात पुण्याचाही वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले 'जिस्ट' तंत्र तिच्या छत्राखाली वाढले. संगणकावर भारतीय लिपी दिसू लागल्या. अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे 'इस्की' हे राष्ट्रीय मानकही १९९१ मध्ये आले. पण छपाईच्या दुनियेत अडचण वेगळी होती. त्या काळच्या फाँटमध्ये अक्षरे ठेवायला सव्वादोनशेच्या आसपास घरे मिळत. त्यात देवनागरीची जोडाक्षरे बसवण्यासाठी प्रत्येक उत्पादकाने आपापली युक्ती केली. कोणी 'क' एका रोमन अक्षराच्या घरात ठेवला, कोणी दुसऱ्याच्या. मांडणीचा तक्ता ज्याचा त्याच्याकडे. त्या उत्पादकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यामुळेच मराठी संगणकावर उमटली. पण तो फाँट गेला की मजकूरही गेला, हा त्या व्यवस्थेचा परिणाम होता. मराठीतली किती पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल आज अशा फायलींत अडकले असतील, याचा विचार केला की धडकी भरते.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो आणि तो तक्ता कोणालाही पाहता येतो. २०१४ मध्ये तर मोडीलाही त्यात जागा मिळाली. पण अक्षर मोकळे झाले म्हणजे सगळे झाले असे नाही. ती अक्षरे ज्या फाईलमध्ये ठेवतो ती फाईल आणि ज्या सॉफ्टवेअरने उघडतो ते सॉफ्टवेअर कोणाच्या मर्जीवर चालते, हा प्रश्न उरतोच.

फुकट आणि मुक्त

त्याच आठवड्यात कार्यालयातल्या संगणकाचाही विषय निघाला. विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या सुधारणा मोफत पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. २०१५ मध्ये आणलेली प्रणाली दहा वर्षे सांभाळली, आता पुरे, हे कंपनीचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. पण विंडोज ११ ला हवी असणारी सुरक्षा-चिप आणि प्रोसेसर अनेक जुन्या यंत्रांत नाहीत. यंत्र धडधाकट, तरी ते बदलायचे. आमचा संगणकही त्यातलाच. नव्याचे अंदाजपत्रक समितीपुढे आले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, "काका, यावर लिनक्स टाकू या. आणि ती फाईलही मला द्या."

"फुकट ते पौष्टिक!" कोणीतरी म्हणाले आणि सभेत हशा पिकला.

इथेच आपली गल्लत होते. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून त्यांना इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाशी झगडावे लागले. कारण त्या एका शब्दात मोफत आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणत्याही कामासाठी वापरता येते, ज्याची आतली रचना पाहता येते, जे दुसऱ्याला देता येते आणि गरजेप्रमाणे बदलून वाटता येते. मोबाईलवरची कितीतरी ॲप फुकट असतात, पण मुक्त नसतात. त्यांची किंमत आपण जाहिरातींत आणि स्वतःच्या माहितीत मोजतो.

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. तो ग्नूच्या साधनांशी जुळला आणि त्यातून उभी राहिलेली प्रणाली आज जगातले बहुसंख्य सर्व्हर चालवते. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे 'आम्हाला लिनक्स जमेल का' असे विचारणारी समिती खिशात लिनक्स घेऊनच बसली होती.

घरच्या कामाला काय चालते?

या मुलीने आधी काही बदलले नाही. पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट चालवून दाखवले. असे केल्याने मूळ यंत्रातल्या मजकुराला धक्का लागत नाही. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, ई-मेलसाठी थंडरबर्ड. गाणी आणि चित्रफितींसाठी व्हीएलसी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प. छायाचित्रे सुधारायला गिंप, ध्वनिमुद्रण कापायला-जोडायला ऑडॅसिटी. छापील पान स्कॅन करून त्यातली मराठी अक्षरे ओळखायला टेसरॅक्ट. मराठी टंकायला इन्स्क्रिप्टचा कळफलक प्रणालीतच असतो. यातले बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजवरही चालते. म्हणून माझा सल्ला असा, की आधी सॉफ्टवेअर बदलून पाहावे; हात बसला, तर प्रणाली बदलावी.

अडचणीही आल्या. आमच्या लेखापरीक्षकांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे निघाले. त्यांच्या एक्सेलच्या फायलीतले मॅक्रो रुसले. डिजिटल स्वाक्षरीच्या कांडीने दोन संध्याकाळी खाल्ल्या. ज्याचा व्यवसायच अशा सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्याने उत्साहाच्या भरात सगळे बदलू नये. घरात पत्रे, हिशेब, फोटो, बँक आणि नाटकाची तिकिटे एवढेच काम असेल, तर मात्र दहा वर्षांचा संगणक भंगारात घालण्याचे कारण नाही.

भाषेचा फायदा वेगळाच आहे. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचे सांगायचे, हा फरक मराठी माणसाला कळतो. पण फाँट करणाऱ्याला 'ऱ्य' ठाऊक नसेल, तर संगणकाला कळत नाही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे, हेही तसेच. रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेले 'लोहित' फाँट किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट खुल्या परवान्याखाली आहेत. त्यात चूक आढळली, तर ती दाखवता येते, दुरुस्त करता येते आणि दुरुस्ती सर्वांना मिळते. कोणाचे मार्केट छोटे म्हणून त्याचे अक्षर अडून राहत नाही.

मर्जीवर चालणारी दुनिया

सोसायटीचे जाऊ द्या. मोठ्यांचीही गत वेगळी नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा निराळा वाद. पण भारतातल्या कंपनीची टपालपेटी दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने बंद होऊ शकते, हे त्यातून सगळ्यांना दिसले.

जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे ठरवले, त्यामागे हीच चिंता आहे. त्याच देशातल्या म्युनिक शहराने मात्र वर्षानुवर्षे लिनक्स वापरून २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ही वाट सरळ नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे, आणि केरळने शाळांमधले संगणकशिक्षण त्याच्याही आधी मुक्त प्रणालीवर आणले. ज्या पुण्यात ही प्रणाली घडवणारे इतके अभियंते राहतात, तिथल्या शाळांत आणि सोसायट्यांत ती अपवादानेच दिसावी, हे मला खटकते.

मात्र मालक नसलेल्या गोष्टीलाही देखभाल लागते. सोसायटीत राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्समधल्या छोट्या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले. तो घटक सांभाळणारा एकटा स्वयंसेवक थकला होता. एका अनोळख्याने दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. तो पकडला कसा? लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न एका अभियंत्याला पडला म्हणून. आतली रचना उघडी होती, त्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. पण थकलेल्या माणसाच्या मदतीला आधी कोणी गेले नव्हते, हेही खरे. मुक्त गोष्टीला वर्गणी द्यावी लागते: कोणी पैशाने, कोणी भाषांतराने, कोणी शेजाऱ्याला शिकवून.

आमच्या फाईलचे काय झाले? लिब्रेऑफिस अनेक बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली उघडते; तिने हीही उघडली. आतला मजकूर स्वयंसेवकांनी केलेल्या एका परिवर्तकाने युनिकोडमध्ये आला. ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी बसले होते, रफार उडाले होते. तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी ते हाताने लावले. ठराव सापडला. चारही जागा तात्पुरत्या दिल्या होत्या आणि दरवर्षी चिठ्ठ्या टाकून बदलायच्या होत्या. त्यातली एक जागा पंचवीस वर्षे खजिनदार काकांकडे आहे. सीडी जपून ठेवणारेही तेच. ते दोन मिनिटे गप्प बसले आणि म्हणाले, "लिहिलंय ना? मग तसंच करायचं."

त्या सभेत आणखी एक ठराव झाला. यापुढे सोसायटीची इतिवृत्ते युनिकोडमध्ये, खुल्या ओडीएफ स्वरूपात आणि सोबत पीडीएफमध्ये ठेवायची. तीन प्रती तीन घरांत आणि एक कागदावर, पहिल्या मजल्याच्या वर.

आज रविवार आहे. आपल्या घरातली सर्वांत जुनी फाईल शोधा आणि उघडून पाहा. आजोबांचे आत्मकथन असेल, आईच्या पाककृती असतील, नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या मंडळाचा अहवाल. उघडली, तर खुल्या स्वरूपात एक प्रत करून ठेवा. उघडली नाही, तर ती वाचू शकणारा माणूस अजून सापडू शकतो, तोवर शोधा.