केसकरांची बंदी आणि श्रोत्यांचे कान

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. जनतेचे कान शास्त्रीय संगीताने घडवावेत, ही त्यांची मनीषा. श्रोत्यांनी मात्र रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ रंगू लागली.

एवढ्यावरून केसकरांची थट्टा करणे सोपे आहे, पण अपुरे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५च्या रामनवमीपासून, पुणे केंद्राने माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर ऐकवले. रागांवर बेतलेली ती ५६ गीते घरोघरी पाठ झाली. चित्रपटगीतांची स्पर्धा नव्हती म्हणून? काटा कोलंबोकडे वळवण्याची सोय तेव्हाही होतीच.

गीतमाला आणि गीतरामायण यांच्या चालींत साम्य शोधण्यात अर्थ नाही. साम्य ऐकण्याच्या रीतीत आहे: ठरलेली वेळ, आठवडाभराची प्रतीक्षा, साऱ्या घराचे एकत्र ऐकणे. आवड अशा सवयीतून मुरते. केसकरांना कान घडवायचे होते, ते पुण्यात घडलेही. मात्र बंदीमुळे नव्हे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये, केसकर मंत्रिपदावर असतानाच, ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.